पोटाचा क्षय की कर्करोग? निदानाआधी निकाल लावू नये

मंडळाच्या स्मरणिकेत आरोग्यविषयक एक तरी लेख असावा, अशी सभासदांची नेहमीच सूचना असते. यंदा आम्ही निवडलेला विषय पुस्तकातून शोधून काढलेला नाही. आरोग्य शिबिरांत काम करताना तो दोन घरांतून आमच्यासमोर आला. एका घरात क्षयरोगाला कर्करोग समजले गेले आणि दुसऱ्या घरात कर्करोगाला क्षयरोग समजले गेले. पहिल्या घरातील भगिनी आज कामावर जाते. दुसऱ्या घरातील काका आज आपल्यात नाहीत. या दोन घरांमधील अंतर कशामुळे पडले, हे समाजबंधू-भगिनींना आणि विशेषतः विज्ञान व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दोन्ही कुटुंबांच्या संमतीने, नावगाव न देता, त्यांची हकीगत येथे देत आहोत.

पहिले घर

ही भगिनी २९ वर्षांची. लग्नाला चार वर्षे झालेली, मूलबाळ नाही. तीन महिन्यांपासून पोट फुगत चालले होते, जेवण जात नव्हते, संध्याकाळी अंग कोमट लागत असे आणि दंड, चेहरा सुकत चालला होता. शेजारणी "दिवस गेले असतील" म्हणून थट्टा करीत होत्या. सोनोग्राफी केली तेव्हा पोटात भरपूर पाणी आणि उजव्या अंडाशयाजवळ गाठ दिसली. रक्तातील सी.ए.-१२५ ही तपासणी ३५ च्या आत असावयास हवी, ती ६४० आली. अहवाल पाहून कोणीतरी "अंडाशयाचा कर्करोग, तोही पसरलेला" असे सांगून टाकले. आपल्याकडे "टाटाला न्या" हे दोन शब्द कानावर पडले की घरातली चूल पेटत नाही. तसेच झाले. वडिलांनी ठरवले की आता पोरीचे हाल नकोत, गावी घेऊन जाऊ. आई आम्हाला म्हणाली, "ताई, तुकडा काढला की रोग भडकतो म्हणतात. सुखानं राहू द्या तिला, राहील तितके दिवस."

आम्ही सलग दोन संध्याकाळी त्या घरी बसलो. रोग कोणता हे ठरल्याशिवाय मरण ठरवू नका, एवढेच आमचे म्हणणे होते. अखेर घरच्यांनी दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली. पोटाच्या आतील आवरणावर ज्वारीच्या कण्यांसारखे असंख्य पांढुरके दाणे दिसले. त्यांचे तुकडे तपासले, तो क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधाने पाणी आटले, वजन अकरा किलोने वाढले आणि सी.ए.-१२५ आपोआप खाली आले.

दुसरे घर

काका ५७ वर्षांचे. उजव्या बाजूला बेंबीखाली दुखत असे, हाताला गोळा लागत असे, रक्त कमी झाले होते, वजन उतरत होते. तरुणपणी त्यांना फुप्फुसाचा क्षय होऊन गेलेला. त्यामुळे "जुनाच आजार पोटात उतरला" असे धरून, तुकडा न तपासता, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने झाले तरी फरक नव्हता. शिबिरात त्यांनी आम्हाला विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "काका, कोर्स अर्धवट सोडू नका." चौथ्या महिन्यात आतडे बंद पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचलेला होता.

आमचे ते वाक्य चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. "निदान कशावरून झाले?" हा प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता. तो विचारला नाही, ही खंत आम्हाला आजही आहे. हा लेख त्या खंतीतूनच लिहिला आहे.

पोटाचा क्षय म्हणजे काय?

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. हा जिवाणू मुख्यतः श्वासावाटे फुप्फुसात शिरतो, पण तेथेच थांबतो असे नाही. भारतातील क्षयरुग्णांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला फुप्फुसाबाहेरचा क्षय असतो आणि पोटाचा क्षय हा त्यातलाच एक प्रकार होय.

जिवाणू पोटात पोहोचण्याचे मार्ग चार. फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाने थुंकी गिळली तर ती आतड्यात जाते. शरीरात आधीच दडून बसलेले जिवाणू रक्तातून पसरतात. गर्भनलिकेसारख्या शेजारच्या अवयवातून ते पोटाच्या आवरणात उतरतात. आणि क्षयबाधित गाईम्हशींचे कच्चे दूध प्याल्यानेही बाधा होऊ शकते. दूध उकळून पिण्याची आपली घरगुती रीत या बाबतीत मोलाची आहे.

पोटात हा रोग मुख्यतः तीन ठिकाणी बसतो. पहिले ठिकाण आतडे. त्यातही लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते तो उजवीकडील भाग. तेथे व्रण पडतात, आतड्याची भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो. दुसरे ठिकाण पोटाचे आतील आवरण, ज्याला डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात. त्याला सूज येऊन पोटात पाणी साठते. तिसरे ठिकाण आतड्यांच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी. या सुजून त्यांच्या गाठी होतात.

दोन्ही रोग सारखे का दिसतात?

वरील तीन ठिकाणे पाहिली की याचे उत्तर मिळते. आतड्याच्या उजव्या टोकाला क्षयाने गोळा होतो, तसा कर्करोगानेही होतो. आवरणाच्या क्षयाने पोटात पाणी होते, तसे अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगानेही होते. ग्रंथी क्षयाने सुजतात, तशा लिम्फोमा नावाच्या ग्रंथींच्या कर्करोगानेही सुजतात. भूक मंदावणे, वजन घटणे, अशक्तपणा, रक्त कमी होणे ही लक्षणे तर दोन्हींत समान आहेत.

काही लक्षणे मनात शंका निर्माण करतात. रुग्ण तरुण असणे, संध्याकाळी बारीक ताप येणे, रात्री घाम सुटणे, घरात क्षयाचा रुग्ण असणे, ही क्षयाकडे बोट दाखवतात. पोटात गुडगुड होऊन गोळा उठतो, कळ येते, मग गोळा सरकून बरे वाटते, अशी तक्रार असेल तर आतडे कोठेतरी अरुंद झाले आहे असे समजावे. उलट वय पन्नाशीच्या पुढे असणे, ताप नसताना रक्त सतत कमी होत जाणे, शौचावाटे रक्त पडणे, जवळच्या नातेवाइकांत कर्करोग होऊन गेलेला असणे, ही दुसऱ्या बाजूची खूण होय. परंतु ही केवळ बोट दाखवणारी लक्षणे आहेत, निकाल देणारी नाहीत. म्हाताऱ्यालाही क्षय होतो आणि तरुणालाही कर्करोग होतो. शिवाय छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे पोटात क्षय नाही, हा समजही चुकीचा आहे. पोटाचा क्षय असलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या छातीत चालू क्षय दिसत नाही.

हा घोटाळा आजचा नाही. १८६२ साली लंडनचे प्रसिद्ध शल्यचिकित्सक स्पेन्सर वेल्स यांनी एका स्त्रीचे पोट अंडाशयाची गाठ समजून उघडले, तर आत आवरणाचा क्षय निघाला. कॉक यांचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला. म्हणजे जिवाणूचे नावही जगाला ठाऊक नव्हते, तेव्हापासून हा रोग भल्याभल्यांना फसवीत आला आहे. तेव्हा एखाद्या डॉक्टरला पहिल्या भेटीत शंका आली आणि ती चुकीची ठरली, म्हणून त्यास दोष देऊ नये. शंकेलाच निदान समजून थांबणे मात्र चूक आहे.

कोणती तपासणी काय सांगते?

(१) सी.ए.-१२५ : हा रक्तातील एक प्रथिन घटक आहे. अंडाशयाच्या कर्करोगात तो वाढतो हे खरे, पण पोटाच्या आवरणाच्या पेशीही तो तयार करतात. त्यामुळे आवरणाला कोणत्याही कारणाने सूज आली, तर तो वाढतो. क्षयात तो शेकड्यांत जाऊ शकतो. गरोदरपणात व मासिक पाळीतही तो थोडाफार वाढतो. धूर दिसला म्हणजे काहीतरी पेटले आहे एवढेच कळते. चूल पेटली की घर, हे जाऊन पाहावे लागते. केवळ या आकड्यावरून कर्करोग ठरवू नये.

(२) पोटातील पाण्याची तपासणी : सुईने थोडे पाणी काढून ते प्रयोगशाळेत पाठवतात. क्षयाच्या पाण्यात प्रथिने अधिक असतात आणि लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. कर्करोगातही हे असू शकते. ए.डी.ए. नावाची तपासणी येथे उपयोगी पडते. तिचा आकडा साधारण ३९-४० च्या वर असेल, तर क्षयाची शक्यता बळावते. मात्र लिम्फोमासारख्या काही आजारांतही तो वाढतो. त्याच पाण्यात कर्कपेशी सापडल्या, तर कर्करोग ठरतो. न सापडल्या तर मात्र कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही.

(३) जिवाणूचा प्रत्यक्ष शोध : पोटातील पाण्यात क्षयाचे जिवाणू फार विरळ असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शंभरात दोन-तीन रुग्णांतच दिसतात. कल्चरमध्ये वाढवून पाहिले तर अधिक सापडतात, पण त्यास काही आठवडे लागतात. सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट या यंत्रांनी जिवाणूचा जनुकीय अंश काही तासांत शोधता येतो आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही कळते. हा अहवाल होकारार्थी आला तर मोलाचा आहे. नकारार्थी आला तर क्षय नाही असे सिद्ध होत नाही.

(४) सी.टी. स्कॅन : आवरण एकसारखे, गुळगुळीत जाड झालेले असेल आणि ग्रंथींचा मध्यभाग काळसर दिसत असेल, तर कल क्षयाकडे असतो. आवरण खडबडीत, गाठीगाठींचे असेल आणि आतड्यांवरील चरबीचा पडदा थापीसारखा घट्ट झाला असेल, तर कल कर्करोगाकडे असतो. हाही कलच होय.

(५) पेट स्कॅन : हा महागडा स्कॅन कर्करोग नक्की सांगतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्यात साखरेसारखे द्रव्य जेथे जास्त वापरले जाते ती जागा उजळते. क्षयाची सूजही साखर खाते, म्हणून तीही उजळते. कर्ज काढून केलेल्या या स्कॅनवरून एकट्याने निकाल लागत नाही.

(६) कातडीची मांटू तपासणी : हिच्यावरून जिवाणूशी पूर्वी कधी संबंध आला होता एवढेच कळते, आणि आपल्या देशात तो कोट्यवधी लोकांचा आलेला आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखणाऱ्या चाचण्या इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की केंद्र सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली.

(७) तुकडा तपासणी : बायोप्सी म्हणतात ती हीच. आतड्याचा रोग असेल तर गुदमार्गाने दुर्बीण घालून व्रणाच्या कडेचे अनेक तुकडे घेतात. आवरणाचा रोग असेल तर सोनोग्राफीत पाहून सुईने, अथवा पोटाला छोटे छेद देऊन दुर्बिणीने तुकडा घेतात. क्षय असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे विशिष्ट पुंजके दिसतात आणि त्यांचा मध्यभाग पनीरासारखा भुसभुशीत झालेला असतो. कर्करोग असेल तर कर्कपेशी दिसतात. येथेच बहुतेक वेळा खरा निकाल लागतो.

विद्यार्थ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. तुकडा सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मालिनमध्ये ठेवतात, पण फॉर्मालिनमध्ये जिवाणू मरतात. म्हणून एक भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवून कल्चर व सीबीनॅटसाठी पाठवावा लागतो. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले, तर ही संधी वाया जाते. उद्या आपल्यापैकी कोणी शस्त्रक्रियागृहात वा प्रयोगशाळेत काम करील, त्याने ही दुसरी बाटली विसरू नये.

"तुकडा काढला की रोग भडकतो"

ही भीती आपल्या वस्त्यांत खोलवर रुजली आहे. बहुधा तिचे कारण असे की पूर्वी रुग्ण फार उशिरा रुग्णालयात जात, तुकडा काढीपर्यंत रोग हाताबाहेर गेलेला असे आणि मृत्यूचा दोष तुकड्यावर येई. योग्य रीतीने केलेल्या तपासणीने रोग पसरण्याची शक्यता अत्यंत कमी असते. जेथे ती थोडीफार असते, उदाहरणार्थ अंडाशयापुरती मर्यादित असलेली बंद गाठ, तेथे डॉक्टर स्वतःच सुई टाळून गाठ अखंड काढतात. पण निदान न करता मोठी शस्त्रक्रिया केली आणि नंतर तो क्षय निघाला, तर तरुण स्त्रीचे अंडाशय व गर्भाशय विनाकारण गेलेले असते. आमच्या भगिनीच्या बाबतीत हेच टळले. तिच्या गर्भनलिकांना क्षयाने बाधा केलेली आहे, त्यामुळे मूल होण्यासाठी तिला पुढे उपचार घ्यावे लागतील. परंतु ती वाट अजून बंद झालेली नाही.

"औषध देऊन पाहू" या मार्गाचा धोका

कधी कधी सर्व प्रयत्न करूनही पुरावा मिळत नाही. अशा वेळी अनुभवी डॉक्टर क्षयाचे औषध सुरू करून परिणाम पाहतात. हा मार्ग निषिद्ध नाही, पण त्यास मुदत असावी लागते. क्षय असेल तर काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढू लागते. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर पाणी आटलेले व व्रण भरत आलेले दिसावयास हवेत. तसे नसेल तर नव्याने विचार करणे भाग आहे. तो कर्करोग असू शकतो, क्रोन या नावाचा आतड्याचा दीर्घ आजार असू शकतो किंवा औषधांना दाद न देणारा क्षय असू शकतो. क्षय व कर्करोग एकाच शरीरात एकत्र असल्याचीही उदाहरणे आहेत. काकांच्या बाबतीत ही दोन महिन्यांची पायरी कोणीच चढले नाही.

उपचार

पोटाच्या क्षयावर सामान्यतः सहा महिने उपचार असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंडेक्स-टीबी या भारतीय मार्गदर्शक सूचनांतही हीच मुदत दिली आहे. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे, रोज, वजनाप्रमाणे घ्यावयाची असतात. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होते, म्हणून खात्याची नोंद करून घ्यावी.

औषधांमुळे लघवी नारिंगी होते, त्यास घाबरू नये. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे, नजर अंधूक होणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. व्रण भरताना आतडे आकसूनही मार्ग अरुंद होतो. पोट फुगून उलट्या झाल्या आणि शौच व वारा दोन्ही बंद झाले, तर घरी थांबू नये, थेट रुग्णालयात जावे.

केवळ पोटाचा क्षय असलेल्या रुग्णाचा आजार श्वासावाटे दुसऱ्याला लागत नाही. म्हणून त्याचे ताट-वाटी वेगळे करू नये, सुनेला माहेरी पाठवू नये. छातीतही क्षय असेल तर मात्र डॉक्टर सांगतील ती काळजी घ्यावी आणि घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी.

आपण काय करावे?

एक, पोट फुगणे, गोळा लागणे, वजन घटणे ही तक्रार तीन-चार आठवडे टिकली तर अंगारे-धुपारे व दुकानातील गोळ्या यांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. दोन, सर्व अहवाल व फिल्म एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. तीन, "कर्करोग आहे" असे सांगितले अथवा "क्षय आहे" असे सांगितले, दोन्ही वेळा नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे कोणत्या तपासणीवरून ठरले? तुकडा तपासला का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. चार, दोन महिन्यांत फरक नसेल तर औषध मनाने बंद न करता त्याच डॉक्टरांकडे परत जावे आणि गरज वाटल्यास दुसरे मत घ्यावे. पाच, दुसऱ्याचा अहवाल वाचून आपण निकाल सांगू नये. शिकलेल्या मुलांनी तर मुळीच नाही. अहवालातील एका आकड्यावरून आपण उच्चारलेला शब्द एखाद्या घराला गावाची वाट धरायला लावतो.

पहिल्या घरातील आईने गेल्या शिबिरात स्वतःहून नोंदणीच्या टेबलावर बसण्याचे काम घेतले. एका बाईने तुकडा काढायला नकार दिला, तेव्हा आम्ही काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "बाई, आधी रोगाचं नाव तरी कळू दे. मग रडायचं का नाही ते बघू." आम्हाला या लेखात जे सांगावयाचे होते, ते तिने आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले आहे.